पाणोबाचे कोरडे पाय

"सून चांगली आहे हो. कामाला वाघ. पण तोंड माहेरीच विसरून आली. नुसते डोळे तेवढे घेऊन आलीय!"

ही गोष्ट त्या काळची, जेव्हा नद्यांना नावं होती आणि गावांना अजून मिळायची होती. अशाच एका गावातल्या सासूनं परसातल्या कुंपणावरून शेजारणीला हे सांगितलं. सांगताना आवाज हळू केला. पण ज्याचा आवाज मुळातच दणदणीत, त्याचं हळू म्हणजे इतरांचं नेहमीचं बोलणं. वेलाआड नवी सून भोपळा तोडायला वाकली होती. तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

ती रागावली नाही. तिला वाटलं, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. डोळे आणलेच होते. तोंडही आणलं होतं, पण या घरात सगळेच इतकं बोलत की त्याला बसायला जागा सापडत नव्हती.

तिनं भोपळा पदराआड धरला आणि पाऊल न वाजवता मागच्या दारानं आत गेली.

आता मुलांनो, आणि मुलांच्या निमित्तानं ऐकायला बसलेल्या मोठ्या माणसांनो, त्या मुलखाची एक गोष्ट आधी सांगायला हवी. तिथं आषाढ-श्रावणात पाऊस बेताचाच पडे. खरा पाऊस यायचा तो ऐन थंडीत. मार्गशीर्ष लागला की डोंगरामागून काळे ढग वर येत, बोचरा वारा सुटे, आणि एकदा का धार लागली की चार-चार दिवस खळ नसे. नदी फुगे. म्हणून कार्तिक महिना म्हणजे त्या गावाची तयारीची घाई.

या घरातही ती सुरू झाली. नवऱ्यानं छपरावर चढून घर नव्यानं शाकारलं. सासूबाईंनी धान्याच्या कणग्या शेणामातीनं लिंपल्या आणि उंच फळीवर चढवल्या. गोवऱ्या माळ्यावर गेल्या, सरपण गेलं, घोंगड्या उन्हं खाऊन परत आल्या. सासूबाई बोलत आणि सून करी.

"मिठाचं मडकं कुठं ठेवलंस? खाली? अगं बाई! ते सगळ्यात वर. धान्य भिजलं तर वाळवता येतं. मीठ भिजलं की गेलंच." मग तिच्याकडे निरखून बघत त्या म्हणाल्या, "आणि तूही जरा वाऱ्यातून आत हो. ओठ बघ कसे फुटलेत. ये, तूप लावते."

तूप लावताना त्या क्षणभर गप्प होत्या. सुनेला तो क्षण आवडला.

गावाच्या तयारीत सगळ्यात मोठं काम मात्र पाणोबाचं.

पाणोबा म्हणजे नदीकाठचा एक दगड. काळा, गुळगुळीत, बसलेल्या वासराएवढा. कुणा जुन्या शहाण्यानं तो तिथं ठेवला होता आणि गावाला नियम घालून दिला होता: पाणोबाच्या पायाला पाणी लागलं की ढोल वाजवायचा, आणि ढोल वाजला की हातातलं काम टाकून सगळ्यांनी गुराढोरांसह टेकडी चढायची. ढोलाचा मान या सुनेच्या सासऱ्यांच्या घराकडे होता. त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून शपथ घेतली होती, की पाणोबाचे पाय भिजल्याखेरीज ढोलावर टिपरू पडणार नाही. उगाच वाजणाऱ्या ढोलाला कोण उठतंय?

नियम चांगला होता. पण गाव भाविक होतं. दरवर्षीच्या पुरानं पाणोबाच्या आसपास चिखल साठायचा. देव चिखलात कसा ठेवायचा? म्हणून दर कार्तिकात एका घराची पाळी असे. त्या घरानं पाणोबाखाली दगड-चुन्याचा एक नवा थर घालायचा. चौघांनी दगड उचलायचा, बायकांनी गाणी म्हणायची, थर सारवायचा, आणि देव नव्या आसनावर बसवायचा. थर असायचा दोन बोटांचा. पण कुठल्या घराला दोनच बोटं घालून शोभतं? कुणी अडीच घाली, कुणी तीन.

यंदा पाळी या घराची होती. सारवण नव्या सुनेच्या हातचं.

ती सारवायला गेली तेव्हा चौथरा तिच्या छातीला लागला. दगडाला हळदकुंकू वाहायला गावानं बाजूला एक लाकडी शिडीच टेकवून ठेवली होती. देवाच्या पायाशी पोचायला शिडी लागते, याचं कुणालाच नवल नव्हतं.

बाजूनं माती निसटली होती. तिथून तिला थर दिसले. एक तांबडा, एक पांढरा, एक काळपट, एकावर एक, भाकऱ्यांची चवड असावी तसे. ती हात थांबवून बघत राहिली.

"सावकाश सार गं," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "गाव बघणार आहे."

गावाच्या खालच्या अंगाला, नदीला चिकटून, कुंभारांची नऊ घरं होती. चिखलमातीशी ज्यांचं काम, ते चिखलाजवळ राहणार. तिथली साळू ही नव्या सुनेची एकुलती मैत्रीण. साळूला नववा महिना लागला होता. मडकी आणायच्या निमित्तानं सून तिच्याकडे जाई, आणि साळूपाशी तिचं तोंड बरोबर सापडे.

त्या दिवशी ती साळूकडे गेली आणि थरांविषयी बोलली. कोपऱ्यात साळूची आजेसासू माती चाळत होती. ती हसायला लागली.

"छातीएवढा? माझ्या लहानपणी तो नदीच्या पायरीवर होता गं, पायरीवर! मी पाणोबाच्या डोक्यावर बसून पाय पाण्यात सोडायची. त्यापायी मार खाल्लाय मी."

"मग तेव्हा ढोल कधी वाजायचा, आजी?"

"दर दोन-तीन वर्षांनी. आता कुठला वाजतोय. लोक म्हणतात, देव प्रसन्न आहे." म्हातारीनं चाळण आपटली. "मागल्या साली आमच्याकडे गुडघाभर पाणी आलं. तर म्हणाले, कुंभारांनीच देवाचं काही चुकवलं असणार."

सुनेचं माहेर पाट काढणाऱ्यांचं. डोंगरातलं पाणी शेतापर्यंत न्यायचं, तर कुठला बांध उंच आणि कुठला सखल हे आधी कळावं लागतं. तिचे वडील त्यासाठी परात वापरत. परात काठोकाठ पाण्यानं भरायची, डोळा तिच्या काठाशी आणायचा, आणि अलीकडचा काठ पलीकडच्या काठावर बसला की नजर सरळ सोडायची. नजर जिथं टेकेल, तिथं पाणी पोचणार. पाणी फसवत नाही, वडील म्हणत. ते जिथं जायचं तिथं सपाटच जातं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव जेवायला बसलं असताना ती परात घेऊन शिडी चढली. पाणोबाच्या पायाशी परात भरून ठेवली, वाकली आणि नजर कुंभारआळीकडे सोडली.

नजर साळूच्या दाराला लागली. उंबऱ्याला नाही. दाराच्या वरच्या कडीला.

तिनं पुन्हा बघितलं. पुन्हा कडीच.

म्हणजे पाणोबाच्या पायाला पाणी लागेल, तेव्हा साळूच्या घरात ते कडीपर्यंत चढलेलं असेल. चुलीच्या वर. खाटेच्या वर. आढ्याला टांगून ठेवलेल्या पाळण्याच्याही वर. आणि कच्च्या विटांच्या भिंती तेवढा वेळ थांबणार नाहीत.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग त्याला हसू आलं. "परातीत बघितलंस? मी आजवर परातीत पिठाखेरीज काही बघितलं नाही."

ती हसली नाही. तसा तोही थांबला.

"खरं असेल गं," तो हळूच म्हणाला. "पण बाबांना काय सांगायचं? की आपल्या तीन पिढ्यांनी देव चुकीच्या जागी नेला? ज्या वर्षी आपल्या घरची पाळी, त्याच वर्षी? आणि सांगणार कोण, तर तीन महिन्यांची सून?"

"निदान साळूला वर आणू या. आपल्या घरी."

"ती काय आता येते? आज-उद्या बाळंत होईल. दहा दिवस बाळंतीण खोलीबाहेर पाऊल टाकत नाही. ढोल वाजला तरच."

म्हणजे सगळं पुन्हा ढोलापाशी येत होतं.

मग तिनं न बोलता जे करता येईल ते करायचं ठरवलं. चौथऱ्याच्या अगदी तळाशी, जिथं पूर्वी दगडाचे पाय टेकलेले असणार, तिथं तिनं गेरूचा एक जाड पट्टा ओढला. तिला वाटलं, तांबडी रेघ पाहून कुणी तरी विचारील. विचारलं की सांगता येईल.

बायका आल्या. त्यांनी रेघ पाहिली.

"अय्या, किती छान काठ!"

"नऊवारीचाच जणू!"

"पुढल्या साली आमची पाळी आहे. मी दोन पट्टे काढीन, आणि मधे वेलबुट्टी."

सासूबाईंची मान अभिमानानं ताठ झाली. सून मनात म्हणाली, झालं. इथं धोक्यालासुद्धा हळदकुंकू लागतं.

मार्गशीर्षाच्या तिसऱ्या दिवशी पाऊस आला. त्याच पहाटे साळूला मुलगी झाली.

पहिला दिवस बायकांनी चुलीजवळ काढला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी डिंकाचे लाडू वळले आणि पानात बांधून सुनेजवळ दिले. "दे तुझ्या त्या साळूला. पाठ शेकायला सांग. आणि लवकर ये, नाही तर मला कुणाशी बोलायचं?" त्या स्वतःच हसल्या. "म्हणजे बोलते मीच म्हणा. पण ऐकणारं माणूस हवं ना."

तिसऱ्या दिवशी नदीचा रंग बदलला. चौथ्या दिवशी दुपारी सासरे डोक्यावर इरलं आणि गळ्यात ढोल घेऊन काठावर उभे राहिले. सून त्यांच्यासाठी गूळ-सुंठीचा काढा घेऊन गेली आणि तिथंच थांबली.

पाणी गेरूच्या पट्ट्याला लागलं. मग पट्टा दिसेना.

"मामंजी," ती म्हणाली. पावसात तो आवाज तिलाच जेमतेम ऐकू आला. "मामंजी, वाजवा ना."

त्यांनी कान पुढे केला. "काय? छे गं. बघ ना, छातीभर अंतर आहे अजून. पाणोबाचे पाय कोरडे आहेत."

तिनं बोट दाखवलं. कुंभारआळीतल्या पहिल्या उंबऱ्याशी पाणी आलं होतं. उंबऱ्याबाहेरची दोन मडकी हलली आणि तरंगायला लागली.

सासऱ्यांनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांची बोटं टिपरूवर घट्ट झाली, पण हात उठेना. "शपथ आहे गं पोरी," ते म्हणाले. पावसात ते एकदम म्हातारे दिसले. "बापाच्या हातावर हात ठेवून घेतलेली."

शपथ त्यांनी घेतली होती. तिनं घेतली नव्हती.

तिनं त्यांच्या मुठीतून टिपरू काढून घेतलं. हिसकावावं लागलं नाही. मूठ आपोआप सैल झाली. आणि ज्या सुनेनं त्या घरात भांड्याचा आवाज होऊ दिला नव्हता, तिनं ढोलावर असा घाव घातला की झाडावरचे बगळे उडाले.

एकदा. पुन्हा. पुन्हा.

गाव उठलं. दावी सुटली, गुरं टेकडीकडे वळली. नवरा धावत खाली कुंभारआळीत शिरला. साळूला खाटेसकट चौघांनी उचललं, घोंगडीत गुंडाळलेली मुलगी सासूबाईंनी छातीशी धरली आणि वाटभर तिच्याशी बोलत गेल्या. म्हातारीला पाठुंगळी घ्यावं लागलं. चढ निसरडा होता, वेळ लागला. शेवटचा कुंभार टेकडीवर पोचला तेव्हा त्याचं धोतर कमरेपर्यंत भिजलेलं होतं.

वर सगळे धापा टाकत उभे राहिले. आणि मग कुणी तरी खाली बघून ओरडलं, "अरे, पाणोबा कोरडा आहे!"

खरंच होतं. पुराच्या मधोमध पाणोबा चौथऱ्यावर ऐटीत बसला होता, पाय कोरडे ठक्क.

"मग ढोल कुणी वाजवला?"

"नव्या सुनेनं! मी डोळ्यांनी पाहिलं."

"बाईनं ढोलाला हात लावला? तोही खोटाच? माझं अख्खं वाळवण खाली राहिलं!"

"शपथेचं काय झालं हो ढोलवाले?"

सासरे पुढे झाले. "ढोल माझ्या गळ्यात होता," ते म्हणाले. "तिचा हात धरायला मी जवळच होतो. धरला नाही. काय बोलायचं ते मला बोला."

लोक त्यांना बोलतच राहिले असते. पण तेवढ्यात खालून एक जड, ओला आवाज आला, आणि कुंभारआळीतली पहिली भिंत बसली. मग दुसरी. साळूच्या दाराच्या कडीशी पाणी येताना सगळ्यांनी पाहिलं. मग दारासकट भिंत गेली. छपराची गवताची पेंढी सुटून प्रवाहात फिरू लागली. नऊच्या नऊ घरं गेली.

आणि पाणोबाचे पाय तेव्हाही दोन बोटं कोरडे होते.

साळूची मुलगी तेवढी रडत होती, आणि ते रडणं ऐकून त्या गावात पहिल्यांदाच सगळ्यांना बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पूर ओसरला. कुंभारांची माणसं वरच्या घरांत वाटून राहिली. साळू आणि तिची मुलगी सासूबाईंनी स्वतःकडे आणली. पुढच्या आठवड्यात सगळं गाव चिखल तुडवत पाणोबापाशी जमलं, आभार मानायला.

"देवानं वाचवलं!" एक जण हात जोडून म्हणाला.

"पुराच्या पोटात राहून भिजला नाही. केवढी शक्ती!"

"यंदाचा एक थर पुरायचा नाही. आपण आणखी दोन घालू. चांगले चार-चार बोटांचे!"

माना डोलल्या. माणसं चुना कालवायला लागलीसुद्धा. चौघांनी दगडाला हात घातला.

सुनेनं साळूकडे पाहिलं. साळू मुलीला घेऊन वर घराच्या ओसरीवरून बघत होती. कुंभारांचे लोक पुन्हा तिथंच, त्याच जागी विटा रचणार होते, कारण माती तिथंच होती. दोन थर चढले तर पुढचा ढोल कधी वाजणार, हे सांगायला आता परातीची गरज नव्हती.

तिनं सासूबाईंच्या पदराचं टोक हळूच ओढलं. त्यांनी वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे. पण त्या दणदणीत बाईनं आपला सगळा आवाज एका शब्दात ओतला.

"थांबा!"

सगळे थांबले. चुना कालवणारे हात थांबले. आणि सासूबाई, आयुष्यात पहिल्यांदाच, पुढे काहीच बोलल्या नाहीत. सुनेच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

सून बोलली. फार बोलली नाही. पण ते ऐकल्यावर चौघांनी दगड खाली ठेवला. सासऱ्यांनी स्वतः पहार घेतली आणि चौथऱ्याचा पहिला थर फोडला. संध्याकाळपर्यंत छातीभर उंची जमिनीला मिळाली, आणि पाणोबा पुन्हा पायरीवर आला, त्याच्या जुन्या जागी, नदी चढली की आधी त्याचीच बोटं भिजतील असा.

त्यानंतर त्या गावचा ढोल दर दोन-तीन थंड्यांना वाजू लागला. लोक कुरकुरत, गुरं हाकत, निसरड्या वाटेनं टेकडी चढत. बाजूच्या गावचे लोक हसत, की यांचा देव वर्षभर चिखलात बसतो. कुंभारांची घरं पुढेही कधी भिजली, कधी पडली. पण कुंभारआळीतलं माणूस मात्र एकही पाण्यात गेलं नाही, आणि साळूची मुलगी पाणोबाच्या डोक्यावर बसून पाय पाण्यात सोडण्याइतकी मोठी झाली.

त्या सकाळी, चुन्याच्या घमेल्यापाशी, सगळ्या गावासमोर सून जे बोलली ते एवढंच होतं:

"ज्यानं आपल्याला सावध करायचं, त्याला इतकं उंच बसवू नये, की संकट त्याच्याआधी आपल्या दाराशी येईल."